वाचक विचारतात: दुधाची पिशवी म्हणे कागद!

प्रश्न: मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. फोटो बघून काच, कागद, पुठ्ठा, धातू, प्लास्टिक ओळखणारं मॉडेल बनवलंय, ट्रॅशनेट नावाच्या कचऱ्याच्या तयार फोटोसंग्रहावर शिकवून. लॅपटॉपवर भारी चालतं, पण सोसायटीच्या सुक्या कचऱ्यावर मोबाईल धरला की दुधाच्या पिशवीला कागद म्हणतं. कुठे चुकतंय?

उत्तर: अरे, त्या मॉडेलने जन्मात दुधाची पिशवी बघितली नसेल! ट्रॅशनेट म्हणजे 2016 च्या सुमाराचा स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांचा प्रोजेक्ट, एकूण 2527 फोटो, प्रत्येकात एकच वस्तू, मागे पांढरा बोर्ड, आणि 'बाकीचा कचरा' या गटात तर जेमतेम 137. आपल्याकडे वस्तू एकावर एक पडलेल्या, चुरगळलेल्या, वर चहाचा चोथा. वेफर्सचं पाकीट आतून चंदेरी असतं ना, ते उलटं पडलं की मॉडेल बिनधास्त धातू म्हणणार.

तेव्हा आधी मोबाईल घे आणि कचरा वेगळा करतात त्या शेडमध्ये चार दिवस जाऊन फोटो काढ. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या बायका पिशवी नुसती चुरगाळून, आवाजावरून सांगतात कुठलं प्लास्टिक आहे ते, कडकड वाजणारी वेगळी आणि मऊ वेगळी, आणि हा आवाज तुझ्या कॅमेऱ्याला कुठून येणार? म्हणून गट पाडताना पुस्तकातले नको, भंगारवाला कशाचा वेगळा भाव देतो ते विचार, तेच गट धर. टेस्टिंगचे फोटो मात्र दुसऱ्या दिवशीचे, जमलं तर दुसऱ्या सोसायटीचे ठेव, नाहीतर मॉडेल फोटोतली फरशी पाठ करतं आणि आपण उगाच खूश. ढिगात दहा वस्तू असतात, त्यामुळे अख्ख्या फोटोला एक नाव देऊन भागत नाही, प्रत्येक वस्तूभोवती चौकट काढून शिकवावं लागतं (कंटाळवाणं काम, मित्रांना वडापाव कबूल कर).

मोठ्या प्लांटमध्ये पट्ट्यावर निअर-इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचा) सेन्सरही असतो, तो प्लास्टिकचा प्रकार ओळखतो. पण पार्सलचा काळा डबा आला की तोही फसतो, कारण काळ्या रंगातला कार्बन तो प्रकाश गिळून टाकतो, आणि तिथे तुझा साधा कॅमेरा निदान आकारावरून 'डबा आहे' एवढं तरी सांगेल. खात्री नसेल तेव्हा मॉडेलला 'माहीत नाही' म्हणू दे, ती वस्तू माणसाच्या हातात जाऊ दे.

आणि हो, शेडमध्ये जाताना जाड हातमोजे ने, फुटक्या बाटल्या असतात.