गाडीतील जुना कॅसेट प्लेअर वापरताना

आपण नुकतीच घेतलेली गाडी रत्नागिरीसारख्या किनाऱ्यावरच्या गावात राहणार असल्याने सर्वप्रथम कॅसेट प्लेअरच्या हेडची, म्हणजे फितीवरचा आवाज टिपणाऱ्या भागाची, काळजी घ्यावी, कारण दमट, खाऱ्या हवेत हेडवर आणि रबरी रोलरवर मळ लवकर साचतो व आवाज दबका येतो. कापसाच्या बोळ्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हेड हलक्या हाताने पुसावे आणि पूर्ण वाळल्यावरच कॅसेट घालावी. १२० मिनिटांच्या कॅसेटची फीत पातळ असल्याने ती रोलरमध्ये गुंडाळली जाण्याचा धोका अधिक असतो. ९० मिनिटांची घ्यावी. गाडी बंद करण्यापूर्वी कॅसेट आठवणीने बाहेर काढावी. कशेडी घाटात डोंगराआड एफएम खरखरले, तर सेटमध्ये बिघाड समजू नये.