‘आईवर गेलीय’ म्हणून हसू नका

*‘माझी मुलगी सहा वर्षांची आहे. तीन वर्षांच्या भावाने खेळणी आवरली नाहीत की कमरेवर हात ठेवून खेकसते, “किती वेळा सांगायचं तुला?” परवा तर त्याच्या पाठीत धपाटा घातला. शब्द, सूर, चढलेली भुवई, सगळं माझं. मी रागावले की आणखी बिनसतं. शाळेतल्या बाई मात्र म्हणतात, फार शांत मुलगी आहे. नवरा हसतो, “आईवर गेलीय!” हे रक्तातच असतं का? शिक्षा केली तर जाईल?’ – एक आई*

आधी नवऱ्याचं हसणं थांबवा. मोठी माणसं हसली की मुलांना तेच पुन्हा करून दाखवावंसं वाटतं, आणि इथे त्या गमतीपायी धाकटा मार खातोय.

तापटपणा थोडाफार उपजत असेलही. पण कमरेवरचा हात आणि ते नेमकं वाक्य घेऊन कुणी जन्माला येत नाही. ते तिने बघून उचललंय.

शिक्षेचं मात्र नीट समजून घ्या. अल्बर्ट बँडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९६१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या बालवाडीच्या मुलांवर एक प्रयोग केला. मुलांसमोर एका मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुलीला हातोडीने बडवलं. पुढे त्या बाहुलीपाशी सोडल्यावर बऱ्याच मुलांनी तसंच केलं, काहींनी तर त्या माणसाच्या शब्दांसकट. पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर १९६५ सालच्या त्याच्या पुढच्या प्रयोगात आहे. या वेळी मुलांना फिल्म दाखवली. काहींच्या फिल्ममध्ये मारणाऱ्याला शेवटी बक्षीस मिळालं, काहींच्या फिल्ममध्ये शिक्षा झाली. शिक्षा पाहिलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. मग सगळ्यांना सांगितलं, ‘त्याने काय केलं ते करून दाखव, तुला बक्षीस देतो.’ तेव्हा हा फरक जवळपास मिटला. म्हणजे सगळी मुलं जवळपास सारखंच शिकलेली होती. काहींनी फक्त दाखवलं नव्हतं.

तुमची मुलगी शाळेत शांत असते ती बहुधा यामुळेच. तिथे ओरडून काही हाती लागत नाही. घरी लागतं. तुम्ही आवाज चढवलात की काय होतं, आठवून बघा. खेळणी उचलली जातात, नवरा मोबाइल बाजूला ठेवतो, सगळे हलतात. मुलगी नुसता तुमचा राग बघत नाहीये. त्या रागाने कामं होतात हे बघतेय. वर तुम्ही तिला ओरडूनच ‘ओरडू नकोस’ म्हणता. यातलं तिला काय पटणार?

म्हणून नुसतं गप्प बसून भागणार नाही. हळू आवाजाने काम झालेलं तिला दिसायला हवं. खेळणी आवरायची असतील तर लांबून हाका मारू नका. धाकट्याजवळ जा, खाली बसा, एकदाच सांगा आणि पहिलं खेळणं डब्यात पडेपर्यंत तिथून हलू नका. कंटाळवाणं आहे, वेळही जातो. पण मोठी बघत असते.

राग येणारच. तेव्हा तिला ऐकू जाईल असं म्हणा, “मला खूप राग आलाय, मी जरा बाहेर जाऊन येते.” आवाज सुटलाच तर दोन्ही मुलांसमोर “चुकलं माझं” म्हणा. रात्री एकटीला कुशीत घेऊन म्हणण्याचा उपयोग कमी, कारण भांडण सगळ्यांनी पाहिलेलं असतं.

तिने हात उगारला तर तो धरा, “मारायचं नाही” एवढंच बोला आणि आधी धाकट्याकडे वळा. ती शांत झाली की त्याला काय म्हणायचं ते वाक्य तिच्या तोंडी द्या. कधी ती आपणहून नीट बोललीच, तर लगेच, नवऱ्यादेखत सांगा की ऐकलं हं मी. सुरुवातीला ती आणखी मोठ्याने ओरडून बघेल. जुना उपाय चालेनासा झाला की मुलं तो आधी जोरात वापरून पाहतात. तेव्हा माघार घेऊ नका.

दोन-तीन महिन्यांत मारणं कमी झालं नाही, किंवा धाकटा तिला बघून दचकायला लागला, तर बालमानसतज्ज्ञांची वेळ घ्या. जाताना नवऱ्यालाही न्या.