परदेशात मेसॉनिक लॉज काढायचं तर परवानगी कोणाची? मुंबईत इंग्लिश आणि स्कॉटिश लॉज शेजारी-शेजारी कशी?

तुमचे प्रश्न दोन आहेत. परदेशात नवं लॉज, म्हणजे फ्रीमेसन (थोडक्यात मेसन) या बंधुसंघटनेची स्थानिक शाखा, काढायचं तर हुकूम कोणाचा चालायचा आणि त्यावरून ग्रँड लॉजांमध्ये, म्हणजे लॉजांना मान्यता देणाऱ्या वरिष्ठ संस्थांमध्ये, एवढे तंटे का व्हायचे, हा पहिला. पणजोबा मुंबईच्या लॉजचे सभासद असताना त्यांच्या प्रमाणपत्रावर शिक्का एडिंबराचा कसा, हा दुसरा. मी मेसन नाही. जुन्या मुंबईतल्या संस्थांबद्दल वाचायचा मला नाद आहे, त्यातून हा विषय हाती लागला आणि मग सोडवेना. दोन्ही प्रश्नांचं उत्तर मुंबईच्याच इतिहासात आहे, म्हणून तिथूनच सांगतो.

आधी सनदेचं समजून घ्या, कारण सगळं भांडण त्या कागदाचं आहे. चार मेसन एकत्र जमले आणि लॉज सुरू झालं, असं होत नाही. कुठल्या तरी ग्रँड लॉजकडे अर्ज करायचा, फी भरायची आणि तिकडून सनद आणायची. सनदेत लॉजचं नाव, यादीतला क्रमांक, पहिला मास्टर म्हणजे प्रमुख कोण आणि त्याच्या हाताखालचे दोन वॉर्डन कोण, हे लिहिलेलं असतं. मास्टर बदलला की सनद समारंभाने नव्या मास्टरच्या स्वाधीन केली जाते. सनदेशिवाय दिलेली दीक्षा दुसरं कुठलंही लॉज मानत नाही. म्हणजे सनद खोटी ठरली किंवा ती देणाऱ्याला अधिकारच नव्हता असं निघालं, तर त्या लॉजमध्ये आलेले सगळेच सभासद अधांतरी.

आता सनद देणारे किती? इंग्लंडचं ग्रँड लॉज १७१७ चं, आयर्लंडचं १७२५ चं, स्कॉटलंडचं १७३६ चं. तिघंही स्वतंत्र, कोणी कोणाच्या हाताखाली नाही. आपापल्या देशात ज्याची त्याची हद्द स्पष्ट होती. समुद्रापलीकडे मात्र तिघांनीही वहिवाट अशी धरली की जिथे स्थानिक ग्रँड लॉज नाही, ती जमीन सगळ्यांना मोकळी. मुंबईत राहणारा स्कॉटिश डॉक्टर एडिंबराकडे सनद मागू शकत होता, त्याचा इंग्लिश शेजारी लंडनकडे. पलटणींची फिरती लॉज होती ती वेगळीच. पलटण जाईल तिथे त्यांची सनदही जायची.

कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात काय झालं ते ओरायनच्या प्रकरणात बघा. १८२३ मध्ये बॉम्बे आर्टिलरीतल्या अधिकाऱ्यांनी 'ओरायन इन द वेस्ट' नावाचं लॉज काढलं. सनद दिली ती कोरोमंडल किनाऱ्याच्या प्रांतिक ग्रँड लॉजने, म्हणजे मद्रासवाल्यांनी. त्यांच्या यादीत याचा क्रमांक पंधरावा. इंग्लंडचे प्रांतिक अधिकारी आपापल्या प्रांतात लंडनच्या वतीने अशा सनदा देत असत, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. ओरायनने फी भरली, वर्गण्या भरल्या, सभासद घेतले. १८२५ मध्ये त्यातली मुलकी मंडळी बाहेर पडली आणि त्यांनी पुण्यात 'लॉज ऑफ होप' काढलं. ओरायननेच त्यांची शिफारस केली आणि लंडनने त्यांना थेट सनद दिली.

मग १८२८ च्या सुमारास चौकशीत उघड झालं की ओरायन अस्तित्वात आहे हे लंडनला कोणी कळवलेलंच नाही. भरलेले पैसे मद्रासपर्यंत पोचले होते, लंडनच्या वहीत एक छदामही जमा नव्हता. वर असंही ठरलं की मुंबई इलाख्यात सनद देण्याचा मद्रासच्या प्रांतिक ग्रँड मास्टरला अधिकारच नव्हता. त्याची हद्द कोरोमंडल, आणि सनद दिली थेट दुसऱ्या किनाऱ्यावर! ज्या लॉजच्या शिफारशीवर लंडनने पुण्याला सनद दिली, त्याची स्वतःची सनदच बेकायदा होती. शेवटी १८३३ मध्ये इंग्लंडने ओरायनला ५९८ क्रमांकाची नवी सनद दिली तेव्हा ते मार्गी लागलं. मला हे प्रकरण फार बोलकं वाटतं, कारण यात दोन देशांचं भांडण नाही. एकाच ग्रँड लॉजच्या घरात, केपला वळसा घालून महिनोन्महिने चालणाऱ्या टपालाच्या काळात, आपली हद्द कुठे संपते हे मद्रासच्या अधिकाऱ्याने तपासलं नाही, एवढंच.

दोन देशांचं प्रकरण उभं राहिलं ते १८३६ मध्ये. स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजने डॉ. जेम्स बर्न्स यांना 'पश्चिम हिंदुस्थान आणि तदंगभूत मुलूख' यांचे प्रांतिक ग्रँड मास्टर नेमलं. हे कंपनीच्या मुंबई वैद्यकीय सेवेतले डॉक्टर. काबूलमध्ये मारले गेलेले अलेक्झांडर बर्न्स हे त्यांचे सख्खे भाऊ. नेमणूक झाली तेव्हा या भागात स्कॉटलंडचं एकही लॉज नव्हतं. ग्रँड मास्टर आले आणि प्रजा कुठेच नाही! त्यांचं प्रांतिक ग्रँड लॉज रीतसर भरायला १ जानेवारी १८३८ उजाडला.

पण माणूस कर्तबगार होता आणि मुंबईत त्यांच्यासमोर कोणी नव्हतं. इंग्लंडची लॉज होती, पण त्यांच्यावर मुंबईत बसणारा प्रांतिक अधिकारी नव्हता. प्रत्येक गोष्टीला लंडनकडे तोंड करावं लागायचं. बर्न्स मात्र इथेच राहत, इथेच निर्णय देत. हळूहळू इंग्लिश लॉजमधले सभासद स्कॉटिश लॉजकडे वळले. 'पर्सिव्हिअरन्स' हे इंग्लिश सनदेचं लॉज तर नाव, पदकं, सामानसुमान सगळं घेऊन स्कॉटलंडच्या छत्राखाली गेलं, आणि स्कॉटलंडने त्याला ठेवून घेतलं. इंग्लिश लॉज ओस पडत गेली. १८४८ मध्ये 'सेंट जॉर्ज' हे लॉज निघालं आणि पुढे काही वर्षं मुंबईत इंग्लंडचं तेवढं एकच लॉज होतं. इंग्लंडचं प्रांतिक ग्रँड लॉज मुंबईत उभं राहिलं ते १८६१ मध्ये. एकाच गावच्या पाटीलकीवर दोन भावकींनी हक्क सांगावा आणि रयतेने जो वाड्यावर हजर असेल त्याच्याकडे वळावं, तशातला हा प्रकार.

पर्सिव्हिअरन्सच्या बाबतीत स्कॉटलंडचं वागणं मला पटत नाही. मोकळ्या जमिनीवर नवं लॉज काढणं वेगळं आणि दुसऱ्याच्या सनदेचं लॉज सामानासकट उचलणं वेगळं. पण याच मोकळीकीतून पुढे जे झालं ते माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं काम आहे.

माणेकजी करसेटजी हे मुंबईतले पारशी गृहस्थ. पुढे १८६३ मध्ये फोर्टमध्ये मुलींची अलेक्झांड्रा शाळा काढणारे तेच. त्यांना मेसन व्हायचं होतं. मुंबईतल्या गोऱ्या सभासदांनी त्यांना घेतलं नाही. ते युरोपला गेले, तिथे पॅरिसच्या एका लॉजने त्यांना दीक्षा दिली. परत आले तर मुंबईचं दार पुन्हा बंदच. दीक्षा रीतसर, कागद हातात, तरी प्रवेश नाही. तेव्हा बर्न्स यांनी १८४३ मध्ये हिंदी लोकांसाठी स्वतंत्र लॉजला परवानगी दिली: 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया', स्कॉटलंडच्या यादीत क्रमांक ३४२. पारशी विद्वान खर्शेदजी रुस्तमजी कामा याच परंपरेतले. ज्या लॉजने माणेकजींना नाकारलं त्याचं मन वळवायची बर्न्स यांना गरज पडली नाही, कारण नव्या लॉजला मान्यता देण्याचा अधिकार त्यांच्या हातात, मुंबईतच होता.

कलकत्त्याशी ताडून बघा. तिथे इंग्लंडच्या प्रांतिक अधिकाऱ्यांचा वरचष्मा होता आणि त्यांच्या परवानगीशिवाय हिंदी माणसाला घ्यायचं नाही असा नियम होता. प्रसन्नकुमार दत्त यांनी १८६३ मध्ये प्रयत्न सुरू केले आणि त्यांना दीक्षा मिळाली १८७२ मध्ये.

अमेरिकेत याच्या अगदी उलट तत्त्व रुजलं: एका राज्यात एकच ग्रँड लॉज, दुसऱ्याने तिथे सनद द्यायचीच नाही. ऐकायला हे किती न्याय्य वाटतं! तंटे मिटतात, हद्दी स्पष्ट राहतात. पण बॉस्टनच्या प्रिन्स हॉलचं काय झालं ते पाहा. हे कृष्णवर्णीय गृहस्थ. १७७५ मध्ये ब्रिटिश पलटणीतल्या आयरिश सनदेच्या लॉजने त्यांना आणि त्यांच्या साथीदारांना दीक्षा दिली. स्थानिक गोरे मेसन त्यांना जवळ करत नव्हते, म्हणून त्यांनी लंडनकडे अर्ज केला आणि १७८४ च्या तारखेची सनद मिळवली: आफ्रिकन लॉज, क्रमांक ४५९. सनद खरी, देणाराही अधिकारी. तरी अमेरिकेतली ग्रँड लॉज पिढ्यान्‌पिढ्या सांगत राहिली की आमच्या हद्दीत परक्याची सनद चालणार नाही, म्हणून ही लॉज नियमबाह्य. लंडननेही १८१३ मध्ये इंग्लंडमधल्या दोन प्रतिस्पर्धी ग्रँड लॉजांचं एकीकरण झाल्यानंतर आफ्रिकन लॉजचं नाव यादीतून काढलं. मॅसॅच्युसेट्सच्या प्रिन्स हॉल ग्रँड लॉजला इंग्लंडने मान्यता दिली ती १९९४ मध्ये. १८६८ मध्ये फ्रान्सच्या ग्रँड ओरिएंटने (तिथल्या ग्रँड लॉजसारख्या संस्थेने) लुइझियानातल्या एका प्रतिस्पर्धी संस्थेला मान्यता दिली. ती संस्था रंग न पाहता सभासद घेत होती. तेव्हा हद्दीचं हेच कारण पुढे करून अमेरिकन ग्रँड लॉजांनी फ्रान्सशी संबंध तोडले.

म्हणून 'भांडणं का व्हायची' याला माझं उत्तर असं: फी आणि मान हे होतेच, पण मुळात आत कोणाला घ्यायचं हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे, हा वाद होता. हद्द एकाचीच असेल तर नाकारलेल्या माणसाला दाद मागायला जागा उरत नाही. मुंबईत ती होती, आणि माणेकजींसारख्यांनी तिचा उपयोग केला. हद्दींच्या गोंधळाबद्दल नाकं मुरडणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

भारतापुरता हा प्रश्न १९६१ मध्ये बऱ्याच सामोपचाराने सुटला. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी दिल्लीत ग्रँड लॉज ऑफ इंडियाची स्थापना झाली, रामपूरचे नवाब रझा अली खान पहिले ग्रँड मास्टर झाले, आणि इंग्लंड, आयर्लंड, स्कॉटलंड तिघांनीही त्याला पाठिंबा दिला. प्रत्येक लॉजला मोकळीक होती: नव्या संस्थेत या किंवा जुनी सनद ठेवा. बरीच लॉज आली, काही राहिली. म्हणूनच आजही मुंबईत इंग्लिश, स्कॉटिश आणि भारतीय सनदेची लॉज एकाच शहरात नांदतात. क्वेबेकमध्ये १८६९ नंतर मॉन्ट्रियलच्या इंग्लिश लॉजनी नव्या ग्रँड लॉजमध्ये यायला नकार दिला, तेव्हा प्रकरण संबंध तोडण्यापर्यंत गेलं होतं. त्या मानाने आपल्याकडे समजूतदारपणे झालं.

आता तुमच्या पणजोबांचं. प्रमाणपत्रावर लॉजच्या नावापुढे क्रमांक असेल, आणि लॉजच्या इतर कागदांवर बहुधा त्यापुढे दोन अक्षरंही: ई.सी. म्हणजे इंग्लंड, एस.सी. म्हणजे स्कॉटलंड, आय.सी. म्हणजे आयर्लंड. प्रमाणपत्र मूळ ग्रँड लॉजकडून यायचं, कारण सभासदाची नोंद तिकडेही पाठवावी लागायची. शिक्का एडिंबराचा आहे म्हणजे त्यांचं लॉज स्कॉटिश सनदेचं होतं, त्यामुळे चौकशी स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजकडे करा. लॉजचं नाव, क्रमांक आणि दीक्षेचं साल पत्रात जरूर लिहा. घराण्यात आणखी कोणी इंग्लिश लॉजमध्ये असेल, तर इंग्लंडच्या ग्रँड लॉजच्या १७५१ ते १९२१ या काळातल्या सभासद-नोंदवह्या ऑनलाइन आल्या आहेत आणि त्यांत परदेशातली लॉजही आहेत. शोधताना पारशी किंवा मराठी नाव दोन-चार वेगवेगळ्या स्पेलिंगनी टाकून बघा. तिकडच्या कारकुनांनी आपली नावं कानाला ऐकू आली तशी लिहिली आहेत.