सालेमची जन्मठेप आणि पोर्तुगालला दिलेला शब्द

‘जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत, मग अबू सालेमला २०३० मध्ये सोडायचं कशासाठी? आणि पोर्तुगाल आपल्याला सांगणारा कोण?’ असं तुम्ही विचारलंय. राग समजू शकतो. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली, आणि सालेम त्यातला दोषी. पण कैद २५ वर्षांपुरतीच, हा आकडा आपणच पोर्तुगालला लिहून दिलाय, आणि त्याच्या बदल्यात आरोपी ताब्यात घेतलाय.

सालेम सप्टेंबर २००२ मध्ये लिस्बनला पकडला गेला. तेव्हा आपला पोर्तुगालशी प्रत्यार्पणाचा, म्हणजे आरोपी एकमेकांच्या ताब्यात देण्याचा, करारच नव्हता, तो झाला २००७ मध्ये. बॉम्बस्फोटांविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन मागणी करावी लागली. त्यात पोर्तुगालने खून-दरोड्यासारख्या गुन्ह्यांची फाशी १८६७ मध्येच रद्द केलेली, जन्मठेप १८८४ मध्ये. त्यांच्याकडे कमाल शिक्षा २५ वर्षं. फाशी होऊ शकते अशा गुन्ह्यासाठी माणूस परदेशाला द्यायला त्यांची घटना मनाई करते, आणि जन्मठेपेचा प्रश्न असेल तर आधी हमी मागते. म्हणून १७ डिसेंबर २००२ ला उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी लेखी हमी दिली: फाशी देणार नाही, २५ वर्षांपेक्षा जास्त काळ कैदेत ठेवणार नाही. पुढे २००३ मध्ये आपल्या राजदूतांनी आणखी एक पत्र दिलं, की ज्या गुन्ह्यांसाठी मागतोय त्यांच्यापलीकडे खटला चालवणार नाही. एवढं झाल्यावर नोव्हेंबर २००५ मध्ये सालेम भारतात आला. हमी दिली नसती तर बनावट पासपोर्टची शिक्षा भोगून तो लिस्बनच्या तुरुंगातून मोकळा झाला असता. ही बाजू टीव्हीवरच्या चर्चांमध्ये कोणी काढत नाही.

खरा खटका उडाला तो या दुसऱ्या पत्रावरून. मुंबईच्या टाडा (तेव्हाचा दहशतवादविरोधी कायदा) न्यायालयात त्याच्यावर प्रत्यार्पणाच्या आदेशात नसलेली काही कलमं लावली गेली, टाडाचं ५ आणि ६ वगैरे. आपलं म्हणणं असं, की ही कलमं मूळ आरोपांपेक्षा हलकी आहेत आणि आपल्या प्रत्यार्पण कायद्याच्या कलम २१ मध्ये बसतात. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्यही केलं. लिस्बनच्या न्यायालयाला मात्र ते पटलं नाही. सप्टेंबर २०११ मध्ये त्यांनी अटींचा भंग झाला म्हणून प्रत्यार्पण संपुष्टात आल्याचं सांगितलं, आणि त्याविरुद्धची आपली दाद २०१२ मध्ये त्यांच्या सर्वोच्च आणि घटनात्मक न्यायालयांतही टिकली नाही. माणूस तळोज्याच्या तुरुंगात आणि त्याला तिथे आणणारा आदेश लिस्बनमध्ये रद्द, अशी विचित्र अवस्था. शेवटी सीबीआयनेच जादा कलमं मागे घेण्याची परवानगी मागितली, ऑगस्ट २०१३ मध्ये ती मिळाली, आणि प्रकरण थंडावलं. माझ्या मते हे शहाणपण दोन वर्षं आधी सुचायला हवं होतं.

आता जन्मठेपेबद्दल. बिल्डर प्रदीप जैन यांच्या खुनासाठी २०१५ मध्ये आणि स्फोटांसाठी ७ सप्टेंबर २०१७ ला त्याला जन्मठेप झाली. स्फोटांच्या त्याच निकालात ताहिर मर्चंट आणि फिरोज खानला फाशी झाली. सालेमसाठी सरकारी पक्षाला फाशी मागताच आली नाही, कारण हमी आणि प्रत्यार्पण कायद्याचं कलम ३४-क दोन्ही आड येत होती. मग जन्मठेप तरी कशी दिली? कारण हमी सरकारने दिली होती, न्यायाधीशाने नाही. न्यायालय कायद्याप्रमाणे शिक्षा देणार. ती २५ वर्षांवर थांबवणं हे सरकारचं काम.

सर्वोच्च न्यायालयातली २०२२ ची सुनावणी यासाठी वाचण्यासारखी आहे. केंद्रीय गृहसचिवांनी प्रतिज्ञापत्र दिलं की हमी पाळण्याचा प्रश्न १० नोव्हेंबर २०३० ला येईल, आत्ता बोलणं अकाली आहे. न्यायालय यावर वैतागलं, आणि ते रास्तच होतं. नुसतं ‘हो, पाळू’ म्हणायला काय जात होतं? ११ जुलै २०२२ च्या निकालात दोन्ही बाजूंना सुनावलं गेलं. सालेमला सांगितलं की तुझे गुन्हे बघता आम्ही स्वतःहून शिक्षा कमी करणार नाही. केंद्राला सांगितलं की २५ वर्षं पूर्ण झाल्यावर राज्यघटनेच्या अनुच्छेद ७२ खाली (राष्ट्रपतींचा शिक्षामाफीचा अधिकार) राष्ट्रपतींना सल्ला देऊन त्याला सोडायला तुम्ही बांधील आहात, कागदपत्रं महिन्याभरात पाठवा. मोजणी १२ ऑक्टोबर २००५ पासून. लिस्बनमधली आधीची वर्षं धरा हा सालेमचा आग्रह फेटाळला गेला, कारण ती तिथल्या गुन्ह्यांपोटी होती.

त्यानंतर चांगल्या वर्तणुकीची सूट जोडून २५ वर्षं आताच भरली, असा दावा घेऊन तो मुंबई उच्च न्यायालयात गेला. २०२५ मध्ये न्यायालयाने प्रथमदर्शनी ती भरलेली दिसत नाहीत असं नोंदवलं. हमीतली २५ वर्षं सूट धरून मोजायची की प्रत्यक्ष कोठडीची, हा वाद मात्र मला फालतू वाटत नाही.

‘एकदा आणला ना, आता कशाला पाळायचा शब्द?’ हा तुमचा शेवटचा मुद्दा. गरज सरो वैद्य मरो हे एकदाच खपतं. पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात १९९५ मध्ये विमानातून शस्त्रं टाकल्याच्या प्रकरणातला मुख्य आरोपी किम डेव्ही डेन्मार्कमध्ये बसलाय. २०१० मध्ये डॅनिश सरकार त्याला अटींवर द्यायला तयार झालं होतं, पण भारतात छळ होईल या भीतीने तिथल्या उच्च न्यायालयाने २०११ मध्ये नकार दिला. आपण चिडून संबंधांची पातळी खाली आणली, पुढे कित्येक वर्षं ते गार पडले. २०२४ मध्ये पुन्हा नकारच आला. आपल्या लेखी हमीवर विश्वास ठेवायचा का, हाच तिथे प्रश्न होता. २०३० मध्ये सालेमची फाईल अडकवून ठेवली, तर पुढच्या प्रत्येक आरोपीचा वकील परदेशी न्यायालयात पहिला कागद तोच काढेल.