शटडाऊनबद्दल उजवे भाष्यकार काय बोलतात, आणि कधी बोलतात

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत सरकार ठप्प होतं तेव्हा तिथले कॉन्झर्व्हेटिव्ह भाष्यकार त्याचं समर्थन का करतात. खर्च कमी व्हावा म्हणून, की निव्वळ पक्षाचं राजकारण म्हणून.

आधी माझं पारडं कुठे झुकतं ते सांगून टाकतो. मी व्हर्जिनियात, वॉशिंग्टनपासून पाऊण तासावर राहतो. एका सरकारी खात्याचं सॉफ्टवेअरचं काम कंत्राटी कंपनीतर्फे करतो. पैशाच्या बाबतीत मी उजवा आहे. सरकारनेही अंथरूण पाहूनच पाय पसरावेत असं मला मनापासून वाटतं. ऑफिसला जाता-येता गाडीत उजव्यांचा टॉक रेडिओ चालू असतो. २०१८-१९ आणि २०२५ असे दोन लांबलेले शटडाऊन मी कानांनी ऐकले आणि खिशाने भोगले. तेव्हा हे उत्तर तटस्थ वगैरे नाही.

यंत्रणा आधी, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. कायद्याने मंजुरी दिल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढायचा नाही, हे अमेरिकेच्या घटनेत आहे तसंच आपल्याही घटनेत आहे, कलम ११४ मध्ये. पण आपल्याकडे लोकसभेत अर्थसंकल्प पडला तर सरकारच पडतं, राज्यसभा असं विधेयक फार तर १४ दिवस ठेवून घेऊ शकते, आणि मधली फट भरायला लेखानुदान असतं. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष, प्रतिनिधिगृह आणि सिनेट हे तिघं वेगवेगळे निवडून येतात आणि अर्थसंकल्पावरून कुणी कुणाला घरी पाठवू शकत नाही. तिघं अडून बसले की बसले. आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, त्याआधी १२ विनियोजन विधेयकं, म्हणजे खर्चाच्या मंजुरीची विधेयकं, मंजूर व्हायला हवीत, आणि ती सगळी वेळेत मंजूर झाल्याला आता जवळपास तीस वर्षं होत आली. म्हणून दरवर्षी ‘कंटिन्युइंग रिझोल्यूशन’ आणतात. लेखानुदानाचं चुलत भावंडच म्हणा. ते अडलं की शटडाऊन.

यात एक गंमत आहे. १९८० पर्यंत पैसे संपले तरी खाती बहुतेक कामं रेटत राहायची. मंजुरी काय, आज ना उद्या मिळेलच, या हिशोबाने. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांचे ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य कायदा अधिकारी, बेंजामिन सिव्हिलेट्टी यांनी मंजुरीशिवाय खर्च करायला मनाई करणाऱ्या एकोणिसाव्या शतकातल्या अँटीडेफिशियन्सी कायद्याचा कडक अर्थ लावला, की मंजुरी नसेल तर काम थांबवा. जीव आणि मालमत्ता वाचवण्यापुरतं तेवढं चालू ठेवा. म्हणजे घटना लिहिणाऱ्यांना हा प्रकार ठाऊकही नव्हता. एका वकिली मतातून तो जन्माला आला.

आता भाष्यकार. ‘उजवे समर्थन करतात’ हे अर्धंच खरं आहे. त्यांच्यात या प्रश्नावर कायम दोन तट असतात आणि त्यांची आपसातली भांडणं डेमोक्रॅट्सशी होणाऱ्या भांडणापेक्षा कडवट असतात.

पहिला तट म्हणतो, तिजोरीची किल्ली हे लोकप्रतिनिधींचं सगळ्यात मोठं हत्यार आहे, घटनेच्या शिल्पकारांपैकी एक असलेल्या मॅडिसननेच तसं लिहून ठेवलंय, मग ते वापरायचं नाही तर भिंतीवर टांगायचं का? दुसरा म्हणतो, हत्यार खरं, पण तुम्ही ते पात्याकडून धरलंय. २०१३ मध्ये हे उघड दिसलं. उजव्यांच्या रिपब्लिकन पक्षाचे सिनेटर टेड क्रूझ सिनेटमध्ये २१ तास बोलत उभे राहिले, मुलींना झोपवताना वाचतात तसं मुलांचं एक पुस्तकही त्यांनी तिथे वाचून दाखवलं, आणि मागणी काय, तर ओबामाकेअरचे, म्हणजे ओबामांच्या आरोग्यविमा कायद्याचे, पैसे तोडा. राष्ट्राध्यक्ष कोण? ओबामा. स्वतःच्या नावाचा कायदा मोडायला तो माणूस सही करणार होता का? चार्ल्स क्रॉटहॅमर हे तेव्हाचे उजव्यांमधले सगळ्यात वजनदार स्तंभलेखक. त्यांनी या मंडळींना ‘आत्मघाती गट’ म्हटलं. १६ दिवसांनी रिपब्लिकन पक्ष जवळजवळ रिकाम्या हाताने परतला.

१९९५ ची गोष्ट थोडी वेगळी. प्रतिनिधिगृहाचे रिपब्लिकन सभापती न्यूट गिंग्रिच यांच्याकडे खर्चाचा खरा मुद्दा होता, समतोल अर्थसंकल्पाचा. पण इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांच्या अंत्यविधीहून येताना राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या विमानात आपल्याला मागच्या दाराने उतरवलं, असं ते पत्रकारांसमोर बोलून गेले. न्यूयॉर्कच्या एका दैनिकाने पहिल्या पानावर त्यांना लंगोटातलं रडकं बाळ करून छापलं. सात वर्षांत समतोल साधायचा मुद्दा गेला बाजूला, लोकांच्या लक्षात राहिलं ते बाळ.

माझ्या खिशाला हात घातला तो २०१८ च्या डिसेंबरने. त्या महिन्यात भाष्यकार नुसते बोलत नव्हते, गाडी तेच हाकत होते. सिनेटने मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीच्या पैशांशिवाय तात्पुरतं विधेयक आवाजी मतदानाने मंजूर केलं होतं. सगळ्यांना वाटलं, सुटलो. इकडे उजव्या स्तंभलेखिका ॲन कोल्टर यांनी ट्रम्प यांना भित्रे ठरवणारा लेख लिहिला आणि टॉक रेडिओवाले रश लिंबॉ यांनी दुपारच्या कार्यक्रमात त्या विधेयकाची सालटी काढली. दुसऱ्या दिवशी लिंबॉच सांगत होते की राष्ट्राध्यक्षांकडून आपल्याला निरोप आलाय. ट्रम्प फिरले. ५.७ अब्ज डॉलर हवेत म्हणून ३५ दिवस सरकार अडलं आणि शेवटी मिळाले १.३७५ अब्ज. ज्या दिवशी त्यांनी माघार घेतली त्याच दिवशी कोल्टर यांनी त्यांना सगळ्यात लेचापेचा राष्ट्राध्यक्ष ठरवलं. घोड्यावर बसवणारेही हेच आणि घोडं अडल्यावर हसणारेही हेच.

मला तेव्हा ‘स्टॉप वर्क’चं एक चार ओळींचं ईमेल आलं. सरकारी नोकरांना पगार उशिरा का होईना मिळतो; २०१९ पासून तर तसा कायदाच आहे. कंत्राटी माणसाला काही नाही. साठलेली रजा संपली, मग बिनपगारी. शेजारचा विमानतळावर सामान तपासायच्या कामाला होता. त्याला सुट्टीही नाही. ‘एक्सेप्टेड’ म्हणजे कामावर यायचं, पैसे नंतर. एका संध्याकाळी त्याने मला फोनवर पगाराची स्लिप दाखवली. मूळ वेतन, ओव्हरटाइम, सगळे रकाने जागच्या जागी, आणि खाली ठळक अक्षरात शून्य डॉलर शून्य सेंट. तो हसला. मला काय बोलावं सुचेना, मी बायकोला चहा टाकायला सांगितलं. त्याच आठवड्यात रेडिओवर एकाने ते नेहमीचं वाक्य टाकलं की हे लोक ‘नॉन-इसेन्शियल’ असतील तर मुळात नोकरीवर ठेवलेच कशाला. हे वाक्य मीसुद्धा आधी पुण्याच्या मित्रांमध्ये मिटक्या मारत सांगितलेलं आहे. त्या दिवशी चॅनल बदललं.

पण उजव्यांचा एक मुद्दा अगदी नेमका आहे आणि तो इकडच्या मुख्य वर्तमानपत्रांत फारसा येत नाही. सरकारला कात्री लावायची म्हटलं की नोकरशाही पहिल्यांदा तेच बंद करते जे लोकांना दिसतं. १९६९ मध्ये राष्ट्रीय उद्यान खात्याच्या संचालकांनी निधी कापला म्हणून वॉशिंग्टन स्मारक आणि ग्रँड कॅन्यन आठवड्यातून दोन दिवस बंद ठेवले होते. तेव्हापासून या युक्तीला स्मारकाचंच नाव पडलंय. २०१३ मध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या स्मारकाला बॅरिकेड लावले. ते स्मारक म्हणजे उघडा चौक आणि कारंजी, तिथे ना तिकीट ना दार. नव्वदीच्या घरातले सैनिक व्हीलचेअरवरून आले आणि बॅरिकेड बाजूला सारून आत गेले. रेडिओवाल्यांनी तो प्रसंग आठवडाभर पुरवला, आणि का पुरवू नये? ते लोखंडी कठडे आणायला, लावायला, राखायला माणसं लागतातच ना? त्यापेक्षा चौक उघडा ठेवणं स्वस्त पडलं असतं.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा: खर्च कमी होतो का? नाही होत. अमेरिकेचा केंद्रीय खर्च वर्षाला सुमारे ७ ट्रिलियन डॉलर. ज्या १२ विधेयकांवरून सगळा तमाशा होतो त्यांत यातला साधारण चौथा हिस्सा येतो, आणि त्याचाही निम्मा संरक्षणाचा. सोशल सिक्युरिटी (निवृत्तांचं पेन्शन), मेडिकेअर (ज्येष्ठांचा आरोग्यविमा), कर्जावरचं व्याज हे सगळं शटडाऊनमध्येही बिनबोभाट चालू राहतं. कर्जाचा डोंगर तिथे आहे. घर कर्जात बुडालंय हप्त्यांमुळे आणि आपण भांडतोय पेपरवाल्याच्या बिलावरून, अशातला प्रकार. २०१८-१९ च्या ३५ दिवसांत अर्थव्यवस्थेचं ११ अब्ज डॉलरचं नुकसान झालं, त्यातले ३ अब्ज कायमचे गेले, असं अमेरिकी संसदेच्याच अर्थसंकल्प कार्यालयाने सांगितलं. वर घरी बसवलेल्यांना मागचा पगार दिलाच. २०२५ च्या शटडाऊनमध्ये, ऑक्टोबरात, राष्ट्रीय कर्जाने ३८ ट्रिलियनचा आकडा ओलांडला. सरकार बंद आणि कर्जाचं मीटर चालू! काटकसर हवी असलेल्या माणसाने शटडाऊनवर खूश व्हावं असं मला त्यात एकही कारण दिसत नाही.

तर मग राजकारण? हो, आणि ते २०२५ मध्ये उघड्या डोळ्यांनी बघायला मिळालं. यावेळी खुर्च्या बदललेल्या. व्हाइट हाउस, प्रतिनिधिगृह, सिनेट, तिन्ही रिपब्लिकनांकडे. पण सिनेटमध्ये ६० मतं लागतात आणि त्यांच्याकडे ५३. आरोग्यविम्याची वाढीव सबसिडी वर्षाअखेर संपत होती. ती वाढवा, मग मतं देतो, असं डेमोक्रॅट म्हणाले. मार्चमध्ये त्यांचे सिनेटमधले नेते शूमर यांनी असंच एक विधेयक जाऊ दिलं होतं आणि स्वतःच्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. या खेपेला ते अडले. आणि माझ्या गाडीतला रेडिओ एका रात्रीत पालटला. ‘सरकारला ओलीस धरलंय’, ‘आधी सरकार उघडा, मग बोलू’, ‘गरिबांच्या ताटातलं अन्न पळवताय’. ही सगळी वाक्यं २०१३ मध्ये ओबामांचे लोक बोलत होते! जे तेव्हा तिजोरीच्या किल्लीचा उदोउदो करायचे, तेच आता बिनशर्त विधेयकाची आरती करत होते. पलीकडचे चॅनल लावले तर तिथे नेमकं उलट.

त्यातही एक जागा अशी होती जिथे उजव्यांची खरी परीक्षा झाली. ट्रम्प म्हणाले, फिलिबस्टर, म्हणजे ६० मतं नसतील तर विधेयक अडवून धरायची सोय, काढून टाका, ६० मतांची भानगडच नको. सिनेटमधले रिपब्लिकन नेते जॉन थून नाही म्हणाले. जुन्या वळणाचे भाष्यकार थून यांच्या बाजूने उभे राहिले; उद्या आपण अल्पमतात गेलो की हाच नियम आपली ढाल असेल, हा त्यांचा हिशोब. नव्या वळणाच्यांना ते नेभळट वाटले. मला विचाराल तर त्या ४३ दिवसांत उजव्या बाजूने तत्त्वाला धरून झालेला वाद एवढा एकच. प्रतिनिधिगृहातल्या मार्जोरी टेलर ग्रीनसारख्या कट्टर रिपब्लिकन बाई, माझ्याच मुलांचे विम्याचे हप्ते दुप्पट होणार आहेत, असं स्वतःच्या पक्षाला सुनावत होत्या, तेही ऐकण्यासारखं होतं.

बाकी झळ सगळ्यांना लागली. अन्नसहाय्यावर ४ कोटींहून जास्त लोक, त्यांचे नोव्हेंबरचे पैसे कोर्टकचेरीत अडकले. विमानतळांवर उड्डाणं कमी केली. आपल्या लोकांपुरतं सांगायचं तर ऑक्टोबरभर कामगार खात्याचं ऑनलाइन पोर्टलच बंद होतं. एचवनबीवाल्याला नोकरी बदलायची तर आधी तिथून एलसीए, म्हणजे पगार आणि कामाच्या अटींचा कंपनीचा अर्ज, मंजूर व्हावा लागतो. न्यू जर्सीतल्या एडिसनचा माझा मित्र हातात नवी ऑफर आणि जुन्या कंपनीत राजीनामा तयार, अशा अवस्थेत महिनाभर बसून होता. माझे आई-बाबा साताऱ्याहून आले होते. १२ ऑक्टोबरला स्मिथसोनियनची संग्रहालयं बंद झाली, आणि आम्ही त्यांना विमानांचं संग्रहालय दाखवणार होतो नेमकं त्याच्या पुढच्या आठवड्यात. बाबा बंद दारावरचा कागद चष्मा वर करून पूर्ण वाचून आले आणि म्हणाले, “आपल्याकडे निदान ‘बंद’ पुकारणारा कोण ते कळतं.”

४ नोव्हेंबरला आमच्या व्हर्जिनियात गव्हर्नरपद डेमोक्रॅट ॲबिगेल स्पॅनबर्गर यांनी जिंकलं. सरकारी नोकर आणि कंत्राटदारांचं राज्य हे, आश्चर्य कसलं. दुसऱ्या दिवशी खुद्द ट्रम्प म्हणाले की शटडाऊनचा रिपब्लिकनांना फटका बसला. आठवड्याभरात डेमोक्रॅटांच्या गटातले आठ सिनेटर फुटले, १२ नोव्हेंबरला सही झाली. सबसिडीवर डिसेंबरात मतदान घेऊ, एवढं आश्वासन त्यांना मिळालं; ते मतदान झालं आणि पडलं. म्हणजे ज्यांनी अडवलं त्यांच्या पदरात काही नाही. १९९५, २०१३, २०१९, २०२५, दर वेळी जास्तीचं मागणारा पक्ष हात हलवत परततो. हे क्रॉटहॅमरनी सांगून ठेवलं होतं, फक्त त्यांना तेव्हा दुसऱ्या पक्षाबद्दल सांगायची वेळ आली नव्हती.

सही झाली त्या रात्री रेडिओवर विजयाचे ढोल वाजत होते. शेजाऱ्याचा थकलेला पगार पुढच्या काही दिवसांत जमा झाला. माझे सहा आठवडे गेले ते गेले. नव्या विधेयकाची मुदत ३० जानेवारीपर्यंत होती. बायकोने फ्रीजला लावलेल्या नव्या कालनिर्णयवर त्या तारखेभोवती लाल पेनाने गोल केला आणि शेजारी लिहिलं, ‘किराणा आधी भरणे’.