घर वाचवलंत, पण कोणापासून?

एका वाचकाचं पत्र थोडक्यात असं आहे. आईचं वय ७६. फेब्रुवारीत अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, बुद्धी शाबूत आहे. पुण्यातल्या एका शुश्रूषा केंद्रात ठेवलं आहे: महिना ४२ हजार, शिवाय डायपर, औषधं, फिजिओथेरपी मिळून १० हजार. फॅमिली पेन्शन २१ हजार. आईच्या नावावर ३४ लाखांची एफडी. बँकेतल्या मॅडमनी ‘खात्रीशीर उत्पन्ना’ची विमा पॉलिसी सुचवली आहे: वर्षाला ५ लाख, ७ वर्षं भरायचे, नवव्या वर्षापासून उत्पन्न. पहिला हप्ता एफडीतून भरून झाला, पॉलिसी हातात येऊन ३ आठवडे झाले. उरलेले हप्तेही एफडीतूनच भरू का, हा प्रश्न. आणि जाता जाता एक वाक्य: ‘केंद्राच्या खर्चात घर जाऊ नये म्हणून, अमेरिकेतल्या मित्राच्या सल्ल्याने, मे महिन्यात फ्लॅट बक्षीसपत्राने माझ्या नावावर करून घेतला आहे.’

प्रश्नाचं उत्तर आधी, कारण त्याला मुदत आहे. पॉलिसी परत करा. कागद हातात आल्यापासून ३० दिवसांचा फ्री लुक काळ असतो, म्हणजे तुमच्याकडे आठवडाच आहे. बँकेत जाऊन मॅडमशी चर्चा करत बसू नका, त्या तुम्हाला एकतिसाव्या दिवसापर्यंत चहा पाजतील. अर्ज थेट विमा कंपनीला लेखी द्या आणि पोच घ्या. थोडी कपात होऊन पैसे परत येतील. ७ वर्षांत ३५ लाख भरायचे, म्हणजे अख्खी एफडी संपवून वर लाखभर घालायचे, आणि पहिला रुपया मिळेल तेव्हा आई पंच्याऐंशीच्या घरात असेल. आज महिन्याला ३१ हजार कमी पडणाऱ्या घराला ही पॉलिसी विकणाऱ्याने वय विचारलंच नसावं.

आरोग्य विम्यावरही आशा ठेवू नका. अंघोळ घालणं, कपडे बदलणं, उठवून बसवणं अशी निव्वळ देखभाल, घरी असो वा केंद्रात, हा जवळपास सगळ्या कंपन्यांच्या पॉलिसीतला ठरीव अपवाद आहे. तुमच्या आरोग्य विम्याचे १० लाख रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहेत, त्यासाठीच ठेवा.

आता फ्लॅट. तो तुम्ही नक्की कोणापासून वाचवलात? मित्राचा सल्ला त्याच्या देशापुरता ठीक आहे. तिथे माणसाची पुंजी जवळपास संपली की मेडिकेड ही सरकारी योजना शुश्रूषा केंद्राचा खर्च उचलते आणि मृत्यूनंतर घरातून वसुली करू पाहते. तिथेही ५ वर्षं मागे जाऊन दिलेली बक्षिसं तपासतात. आपल्याकडे असा खर्च उचलणारी सरकारी योजनाच नाही, मग वसुली कोण करणार? आईच्या घरावर कोणाचाही डोळा नव्हता.

आता मात्र आहे. तुम्हीच लिहिलंय की व्यवसाय प्रोप्रायटरी, म्हणजे एकट्या तुमच्या मालकीचा आहे आणि त्यावर ४० लाखांचं कर्ज आहे. प्रोप्रायटरचं सगळं काही देणेकऱ्यांसाठी उघडं असतं. कालपर्यंत या कर्जाशी संबंध नसलेला ८० लाखांचा फ्लॅट तुम्ही स्वतःच्या हाताने त्यांच्यासमोर नेऊन ठेवलात. दुसरं, उद्या तुमचं काही बरंवाईट झालं आणि मृत्युपत्र नसेल, तर पत्नी, दोन मुलं आणि आई असे चार समान वाटे होतील. स्वतःच्या घरात आईला चौथा हिस्सा. तिसरं, झटक्यानंतर तीन महिन्यांनी, डाव्या अंगठ्याने, बहिणीला न सांगता केलेला दस्त. डॉक्टरांचा दाखला जोडला नसेल तर तो कोर्टात किती टिकेल, हे वकिलालाच विचारा.

शिवाय कर. फ्लॅट रिकामा आहे, भाडं २५ हजार येईल म्हणता. ३० टक्के वजावट जाऊन वर्षाला २ लाख १० हजार तुमच्या उत्पन्नात मिळतील आणि तुमच्या ३० टक्क्यांच्या टप्प्यात सुमारे ६५ हजार कर जाईल. तेच भाडं आईचं असतं तर? पेन्शन, व्याज, भाडं मिळून तिचं करपात्र उत्पन्न ७ लाखांच्या आसपास. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य.

म्हणून फ्लॅट परत आईच्या नावावर करा. इथे गंमत अशी की महाराष्ट्रात आईने मुलाला राहतं घर दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, पण मुलाने आईला दिलं तर ३ टक्के, म्हणजे २ लाख ४० हजार, वर स्थानिक अधिभार. चटका बसेल, पण कराची बचतच पाचेक वर्षांत तो भरून काढते. कर्जाचे हप्ते नियमित चालू आहेत तोवर हे उरका. हप्ते थकल्यावर केलेलं बक्षीसपत्र देणेकरी कोर्टात पाडू शकतात. मग आईने दोन्ही मुलांचा विचार करून मृत्युपत्र करावं, दोन साक्षीदारांपैकी एक तिचे डॉक्टर असावेत.

आता महिन्याचा हिशेब, तो सोपा आहे. ३० लाख पोस्टातल्या किंवा बँकेतल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत. ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५००, म्हणजे महिना २०,५०० धरा. ४ लाख साध्या एफडीत, हाताशी. पेन्शन २१, व्याज साडेवीस, भाडं २५: साडेसहासष्ट हजार. खर्च ५२. हा सगळा खर्च वर्षाला ८ टक्क्यांनी वाढला आणि पेन्शन-भाडं अजिबात वाढलं नाही, तरी चार वर्षं मुद्दलाला हात लागत नाही. पाचव्या वर्षी चारेक हजार कमी पडतील, ते आधीच्या शिलकीतून निघतील. पहिल्या वर्षी महिन्याला उरणारे साडेचौदा हजार त्यासाठीच वेगळे ठेवा, गाडीच्या हप्त्यात घालू नका.

एक काम याच आठवड्यात. व्याज आणि भाडं जमा होईल त्या आईच्या खात्यावर आई आणि तुम्ही, दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकेल अशी सोय करून घ्या आणि सगळीकडे नॉमिनी लावा. मुखत्यारपत्रावर विसंबू नका. देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते आपोआप संपतं, आणि दुसऱ्या झटक्यानंतर तेच खातं वापरायला कोर्टातून पालक नेमून आणावा लागतो.