मानधन मिळायचं, म्हणून ग्रॅच्युइटी नाही?

प्रश्न : मी 27 वर्षं 8 महिने अंगणवाडी सेविका होते. 2024 मध्ये निवृत्त झाले, शेवटचं मानधन 10,000 रुपये. एकरकमी लाभ दिला तेव्हा 'यापुढे माझी कोणतीही मागणी नाही' अशा कागदावर सही घेतली. ग्रॅच्युइटीचं विचारलं तर म्हणतात, तुमचं पद मानसेवी आहे. काही करता येईल का?

उत्तर : ताई, नक्की करता येईल. मानसेवी पदाची ही सबब सर्वोच्च न्यायालयाने 25 एप्रिल 2022 रोजी मोडीत काढली. मणिबेन भारिया या गुजरातमधल्या सेविकेच्या खटल्यात न्या. अभय ओक आणि न्या. अजय रस्तोगी यांनी ठरवलं, की सेविका आणि मदतनीस दोघींना 1972चा ग्रॅच्युइटी कायदा लागू आहे आणि मानधन म्हणजे त्या कायद्यातलं वेतनच. नोव्हेंबर 2025 मध्ये त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, पण तुम्ही 2024 मध्ये निवृत्त झालात तेव्हा तोच लागू होता. कार्यालय कदाचित 2006चा अमीरबी निकाल पुढे करेल. तो सेविका नागरी सेवेतल्या पदावर आहेत का, एवढ्यापुरता होता. ग्रॅच्युइटीचा प्रश्न त्यात नव्हताच.

सहीची धास्ती सोडा. कलम 14 प्रमाणे या कायद्यापुढे कोणताही करार टिकत नाही. गरजेच्या वेळी पैसे हातात ठेवताना अशा सह्या घेतल्या जातात, याचा मला मनापासून राग येतो.

आता रक्कम. सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणजे तुमची 28 वर्षं. दर वर्षामागे 15 दिवसांचं वेतन मिळतं आणि महिना 26 दिवसांचा धरतात. म्हणून 10,000 गुणिले 15, भागिले 26, गुणिले 28 : सुमारे 1,61,538 रुपये. एकरकमी लाभ यातून वजा करू, असं म्हणतील. तो ज्या शासन निर्णयाने दिला त्याची प्रत मागा आणि ती रक्कम ग्रॅच्युइटी म्हणून दिल्याचं त्यात कुठे लिहिलंय, ते लेखी विचारा.

बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे नमुना 'आय'मध्ये अर्ज द्या, पोच घ्या. नियुक्तीपत्र, निवृत्तीचा आदेश आणि मानधन जमा झालेलं बँक पासबुक जोडा. उशीर झाला एवढ्याच कारणाने हक्क बुडत नाही. कायद्याने रक्कम काढून 30 दिवसांत देणं हे मालकाचंच काम होतं. नकार आला किंवा उत्तरच आलं नाही, तर नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे ग्रॅच्युइटीचे वाद सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, नमुना 'एन'मध्ये दाद मागा. तुमच्या जिल्ह्यात हे काम कोणाकडे आहे, ते सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात कळेल. तिथली मुदत 90 दिवसांची. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, तरी आता वेळ दवडू नका. थकबाकीवर व्याजही मागा. मणिबेन यांच्या खटल्यात 10 टक्के सरळव्याज मंजूर झालं होतं.

तुमच्या मदतनीस ताईही निवृत्त झाल्या असतील, तर त्यांचा अर्ज सोबतच द्या.